बी.ए. समाजशास्त्र आणि आत्याचं माहेर

झेंडूच्या कॅरेटांमध्ये बसून मी गाव सोडलं. अमरावतीच्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्या हसायच्या, पण झालं तसंच. राखीचा दुसरा दिवस होता. अंजनगाव सुर्जीच्या अलीकडे आमचं गाव, घरची फुलशेती, आणि माल रोज पहाटे छोटा हत्ती टेम्पोत भरून अमरावतीला जायचा. ड्रायव्हरशेजारची जागा काकांची. म्हणून मी मागे, गादीची वळकटी पाठीशी आणि सुटकेस पायाशी घेऊन. माय डबा बांधण्यात गुंतली होती, तिला रडायला वेळ नव्हता; धाकटा भाऊ अजून झोपेत होता. रडत होती ती मंदाआत्या. बाबांची आणि काकांची ही एकुलती एक बहीण, मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यात दिलेली, राखीला मुक्कामी आलेली. गाडी सुरू झाली तशी ती जवळ आली आणि म्हणाली, "जाय बाई, शिक. पण येत राहजो. पोरीनं येत राहाव, नाई त घरातले लोक बी इसरतात." मला हसू आलं. मी काही सासरी चालले नव्हते. दोन तासांवर तर चालले होते.

गावात राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठी मी हे लिहिते आहे. राहिलेल्यांना वाटतं, आम्ही शहरात मजेत आहोत, उशिरा उठतो आणि चौकात गिला वडा खातो. गेलेल्यांना वाटतं, घर जिथे ठेवलं तिथेच आहे, कंटाळा आला की जाऊन बसता येईल. मलाही तसंच वाटायचं. मी ते घर माझ्या हातानं मोडलं, आणि मोडलं ते माझ्यापुरतं नाही. माझ्यासाठी ते अजून उघडं आहे, हेच तर दुखणं आहे.

समाजशास्त्र मी काही ठरवून घेतलं नव्हतं. बारावीला टक्के बेताचे. प्रवेशाच्या खिडकीवरच्या बाबूनं विषयांचा कागद सरकवला आणि म्हणाला, "समाजशास्त्र घ्या ताई, सोपं जाते, पोरीच घेतात." मी घेतलं. घरी फोन करून सांगितलं तर बाबा म्हणाले, "समाज त आपल्याले मालूम हाय. त्याचं शास्त्र काय करतं तू?" गाडगेनगरातल्या एका खोलीत आम्ही तिघी राहायचो आणि तिघींपैकी कुणालाच ते सांगता आलं नसतं.

मग मॅडम आल्या. वर्गात साठ नावं आणि हजर पंधरा, तरी या बाई घसा फोडून शिकवायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, तुमच्या घरी आधी कोण जेवतं आणि शेवटी कोण? आम्ही सगळ्या खिदळलो. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'कुटुंब ही सामाजिक संस्था आहे.' मी वहीत उतरवून घेतलं आणि मला काहीतरी झालं. जे रोज डोळ्यांसमोर होतं त्याला नाव असतं, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. माय शेवटी जेवते त्याला नाव होतं. काकू बाबांसमोर खाटेवर बसत नाही त्याला नाव होतं. मी नावं ठेवत सुटले. सुटीत घरी गेले की कोपऱ्यात बसून बघायची आणि बोलून दाखवायची. काकांनी पाणी मागितलं की म्हणायची, माठ तुमच्या हाताजवळ आहे काका, ही पितृसत्ता आहे. माय वैतागून म्हणायची, "तू घरी आली का आमची परीक्षा घ्याले आली?" फक्त आत्या पदराआड हसायची. "सांगू दे तिले. कोनी त सांगते," ती म्हणायची.

आत्याचं हसणं फक्त आमच्याच घरी ऐकू यायचं. वर्षातून दोनदा ती यायची, राखीला आणि दिवाळीत, चार-पाच दिवसांसाठी. आल्या आल्या साडी बदलायची आणि दुपारी जेवण झालं की फुलांच्या खोलीत, गार फरशीवर पोतं टाकून झोपायची. चांगली उन्हं उतरेपर्यंत. काकू कुरकुरायची, तर आत्या म्हणायची, "वहिनी, वर्षभर दुपारी पाठ टेकवत नाई मी. इथं मले कोनी उठ म्हणत नाई." आत्याचं माहेर म्हणजे तेवढंच होतं, चार दुपारांची झोप, एक साडी आणि जाताना पिशवीभर झेंडू. तेवढ्यासाठी ती काय देऊन बसली होती हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या वर्षी प्रत्येकीनं एक प्रकल्प करायचा होता. मॅडमनी मला विषय दिला, लग्न झालेल्या मुली आणि वडिलोपार्जित शेतीतला हक्क. आमच्याकडे या हक्काचं काय होतं ते आमच्याकडच्या लोकांना सांगायला नको. बाप गेला की तलाठ्याकडे वारसांची नावं लागतात, त्यात बहिणींचीही लागतात. मग एक दिवस भाऊ बहिणीला गाडीत बसवून नेतात आणि ती हक्कसोड लिहून देते. आपला हिस्सा आपण राजीखुशीनं भावांना सोडतो, असा तो कागद. सही करणाऱ्या बहिणीला भाऊ साडी घेतो, परतताना हॉटेलात जेवण होतं, आणि ती गुणाची ठरते. सही न करणारीचं नाव घरात पुन्हा कुणी काढत नाही. मॅडम म्हणाल्या, दहा बायकांशी बोल, आणि नावं बदल, उत्तरं देणाऱ्यांची ओळख गुप्त ठेवायची असते. हे त्यांनी दोनदा सांगितलं होतं. त्यांचा काही दोष नाही.

नऊ बायका आमच्याच गावातल्या झाल्या. दहावी आत्या. दिवाळीत ती आली होती आणि आम्ही फुलांच्या खोलीत शेवंतीच्या माळा करत होतो. मी मोबाईल पोत्यावर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि प्रश्नावली काढली. वय, शिक्षण, मुलं. मग आठवा प्रश्न, हक्कसोड स्वेच्छेने केली का, होय की नाही. "होय लिहाव," आत्या लगेच म्हणाली. मी होयवर खूण केली, आभार मानले आणि पेनाला टोपण लावलं. मोबाईल तसाच चालू राहिला. थोडा वेळ ती माळ ओवत होती. मग माझ्याकडे न बघता तिनं सांगायला सुरुवात केली.

"सही कोनी मनानं करते का, आशू? राखी बांधली म्या, अन् दादानं ओवाळणीच्या ताटातच कागद ठेवला. म्हणे, मंदे, तुले वावर पायजे का माहेर पायजे? दोनी नाई भेटत. तुहा काका पाहून राहिला होता. आमची आई, तुही आजी, तवा होती, तिथंच बसली होती, ते बी काई बोल्ली नाई. म्या म्हटलं, माहेर. त्या दिवशी घरी जाऊन दोन दिवस जेवली नाई मी. हे तुह्या कागदावर नाई बसत, बाई. तुले असंच सांगतलं."

असंच सांगितलं. हे शब्द मी आता झोपेतही म्हणू शकते. पण तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि माझ्या हाती प्रकल्पातली सगळ्यात भारी मुलाखत लागली होती. खोलीवर येऊन मी ते सगळं उतरवून काढलं, जसंच्या तसं, आत्याच्याच बोलीत. नाव बदललं. मंदाची 'श्रीमती क' केली. बाकी काहीच बदलायचं मला सुचलं नाही. दोन भाऊ, फुलशेती, बहीण मूर्तिजापूरकडे दिलेली, ओवाळणीचं ताट. अशी बहीण आमच्या पंचक्रोशीत एकच होती. बाबांना मी 'थोरला भाऊ' लिहिलं आणि ते लिहिताना मला क्षणभरही वाटलं नाही की हा माणूस मला एस.टी.त बसवून देताना खिडकीची काच खाली-वर करून बघतो. मी संशोधक झाले होते ना.

प्रकल्पाला पहिला नंबर मिळाला. विभागानं निवडक पानं मोठी करून भिंतीवरच्या फलकावर लावली, त्यात माझं ते पान मधोमध. खाली माझं नाव, गावासकट. मी त्याच्याशेजारी उभी राहून फोटो काढला आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकला. वाटलं, घरच्यांनी बघावं, पोरगी काहीतरी शिकते आहे. आमच्या घरी माझे सगळे स्टेटस माय बघायची, बाबांना दाखवायची, आणि दोघंही नुसता माझा चेहरा बघायचे. काकूनं मात्र फोटो बोटांनी मोठा केला. काकू दहावी पास, आणि फावल्या वेळात तिला दुसरा उद्योग नाही. तिनं पूर्ण पान वाचलं, काकांना ओट्यावर बसवून मोठ्यानं.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. "उद्या घरी ये." एवढंच.

मी गेले तेव्हा बाबा आणि काका पुढच्या खोलीत खुर्च्यांवर बसले होते, काकू खाली फरशीवर, माय दारात उभी होती. काकांनी विचारलं, "हे कोनं सांगतलं तुले?" मी म्हटलं, सांगता येत नाही, ओळख गुप्त ठेवायची असते. काका हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो. बाबांनी फोन उचलला, आत्याला लावला आणि स्पीकर सुरू करून टेबलावर ठेवला. "मंदे, आम्ही तुह्याकडून जबरदस्तीनं सही घेतली, असं तू आशूले सांगतलं का?"

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. तो थांबला. "नाई दादा," आत्या म्हणाली. "म्या काऊन असं म्हणन? पोट्टीनं मनानंच लिहिलं असन. तिले काय समजते."

इथे मी गप्प बसायचं होतं. हो, मनानं लिहिलं, मार्कांसाठी लिहिलं, चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. बाबा रागावले असते, काकांनी शिव्या दिल्या असत्या, काकूनं गावभर केलं असतं आणि दिवाळीपर्यंत सगळं निवलं असतं. आत्या मला वाट करून देत होती. मला ते कळलं नाही. मला एवढंच कळलं की मला खोटारडी म्हटलंय, आणि तेही काकांसमोर. अंगाचा नुसता भडका उडाला. मी म्हटलं, "मी खोटं लिहीत नाही. माझ्याकडे पुरावा आहे." आणि मोबाईल काढून रेकॉर्डिंग लावलं.

खोलीत आत्या बोलायला लागली. सही कोनी मनानं करते का, आशू. टेबलावरच्या फोनमध्ये दुसरी आत्या ते ऐकत होती. तुहा काका पाहून राहिला होता, या वाक्याला काका उठून बाहेर गेले. माय पुटपुटली, "बंद कर, बंद कर ते." पण माझी बोटं चालेनात, आणि ते शेवटपर्यंत वाजलं, 'तुले असंच सांगतलं' पर्यंत. मग टेबलावरचा फोन बंद झाला. आत्यानं ठेवून दिला होता.

बाबा मला रागावले नाहीत. त्यांनी टेबलावरचा फोन उचलून खिशात घातला आणि म्हणाले, "जेवून घे." त्या वर्षी राखीला आत्याला बोलावणं गेलं नाही. दिवाळीतही नाही. पुढच्या वर्षीही नाही. मी विषय काढला की बाबा म्हणायचे, "तिनंच सांगतलं ना, जबरदस्ती झाली म्हणून? मंग जबरदस्तीच्या घरी काहाले येते?" मी आत्याला फोन केले. ती उचलत नव्हती. एकदा तिच्या सुनेनं उचलला आणि सांगितलं, त्या कामात हायेत. दुपारचे दोन वाजले होते.

सगळ्यात वाईट काय वाटतं ते सांगते. गुन्हा माझा, आणि शिक्षा आत्याला. मला घरी कुणी टाकलं नाही. मी शिकणारी पोरगी, माझं चुकलं तर चुकलं. माझ्यासाठी डबे येत राहिले, परीक्षेच्या आधी बाबांचा फोन येत राहिला. डिग्री मिळाली त्या दिवशी माझ्या नावाचा पेढा गावात वाटला. जिनं आपल्या हिश्शाचं वावर देऊन माहेर विकत घेतलं होतं, तिचं माहेर मी एका स्टेटसपायी घालवलं. माझा पहिला नंबर कुठल्याशा फाइलमध्ये पडला असेल.

आता मी अकोल्यात असते. जठारपेठेच्या मागे एक खोली, वर पत्रा, उन्हाळ्यात आत बसवत नाही. एका सर्व्हे एजन्सीत कामाला आहे, समाजशास्त्राच्या बी.ए.ला दुसरं काय मिळणार. गळ्यात आयकार्ड, हातात टॅब, रोजचं टार्गेट. अकोटकडच्या गावांमध्ये जाते, बायकांना विचारते, निर्णय कोण घेतं, शेत कुणाच्या नावावर आहे. एखादी बाई फॉर्म संपल्यावर सांगायला लागते. असंच. तेव्हा मी टॅब बंद करते, पाणी पिते आणि उठते. सुपरवायझर म्हणतात, तुमच्या फॉर्ममध्ये शेरे नसतात. मी म्हणते, बायका काही बोलत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात बाबांनी आणि काकांनी वाटणी करायची ठरवली. बाबांचा फोन आला. आवाज ओशाळलेला होता. "आशू, तुही बी एक सही लागते. तुह्या भावाचं नाव लागन मंग. तू शिकलेली हाय, तुले सांगाले नको." मला सांगायला नकोच होतं. हक्कसोड मला पाठ होती. मी म्हटलं, "सही करते. पण भाऊबीजेला आत्याला तुम्ही स्वतः बोलवा." बाबा म्हणाले, "बोलावतो."

मी रजिस्ट्रारच्या ऑफिसात गेले आणि सही केली. अंगठाही दिला, फोटोही काढला. तिथल्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, राजीखुशीनं देता ना, आणि मी हो म्हटलं. परतताना बाबांनी मला हॉटेलात जेवू घातलं. मला त्या वेळी आनंद झाला होता, हे कबूल करते. वाटलं, माझ्या हिश्शाच्या बदल्यात मी आत्याचं माहेर परत आणलं. बी.ए.चा काहीतरी उपयोग झाला.

बाबांनी शब्द पाळला, फोन केला. भाऊबीजेला पाट मांडला गेला, माय दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आली. आत्या आली नाही. तीन दिवसांनी, मी अकोल्याला परत आल्यावर, तिचा फोन आला. जवळजवळ तीन वर्षांत पहिल्यांदा.

"तुह्या बाबाचा फोन आला होता," ती म्हणाली. "ये म्हणे."

"मंग काऊन नाई आली, आत्या? म्या सही केली तुह्यासाठी."

"मालूम हाय. तुह्या मायनं सांगतलं. तुले कोनी सांगतलं होतं कराले? माह्य माहेर म्या चालवत होती, आशू. बहीण खुश हाय, असं त्यायले वाटे, अन् मी वाटू देत होती. इतकी वर्षं. आता त्यायनं बी आयकलं अन् म्या बी आयकलं, माह्याच आवाजात. आता मी तिथं जाऊन कोनत्या तोंडानं झोपू?"

मी रडायला लागले. तिनं रडू दिलं. मग म्हणाली, "अन् तू बी सही करून बसली. आता तुले बी तेच कराव लागन. हासत जाव लागन घरी. जाजो. नाई गेली त तुही सही फुकट जाईन." मी काही म्हणायच्या आत तिनं फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन आलेला नाही, आणि आता येईल असं मला वाटत नाही.

मी घरी जाते. सणाला जाते, दोन दिवस राहते, माय वाढते ते खाते, काकूशी गोड बोलते. निघून आलेल्या तुम्हा सगळ्यांना विचारायचं होतं, तुमचंही असंच आहे का? मला आता घर म्हणजे एवढंच कळतं, जिथे मी खुश आहे असं म्हणावं लागतं ती जागा. अकोल्याच्या खोलीत मी खुश नसते, पण तिथे कुणी विचारत नाही.

मागच्या खेपेला बाबा मला फाट्यावर सोडायला आले होते. एस.टी. लांबून दिसायला लागली तसे ते अचानक म्हणाले, "त्या सहीचं काई मनात त नाई ना तुह्या?" माझ्याकडे न बघता, रस्त्याकडे बघत.

"नाई बाबा," मी म्हटलं आणि हसले. "म्या खुशीनं केली."

त्यांना एकदम हलकं वाटलं, ते चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी माझी बॅग उचलली, मला खिडकीजवळची जागा धरून दिली आणि काच खाली-वर करून बघितली.